अन्नम्माने घर रिकामं केलं

"दोन्ही फ्रीज नेताय तर कपाटही न्या," अन्नम्मा म्हणाली. फ्रीज उचलायला आलेली शाळेची दोन माणसं एकमेकांकडे बघू लागली.

कुंपणापलीकडून तिला थोरली बहीण मानणारी शेजारीण ओमना आली. "चेची, डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"मग हे वाटप कशाचं?"

"मी एकटी. सकाळची पेज सकाळीच संपते. पेजेला दोन-दोन फ्रीज कशाला गं?"

रेजीने, अन्नम्माच्या मुलाने, कुवेतच्या कमाईतून सहा खोल्यांचं घर बांधलं आणि दर सुट्टीत ते वस्तूंनी भरत गेला. जन्मभर रबराच्या मळ्यात चीक गोळा केलेली अन्नम्मा सात वर्षं त्या वस्तू पुसत होती. ईस्टरनंतर तिने वरच्या मजल्याला कुलूप घातलं, स्वयंपाकघरात चटई टाकली. दोन जोड कपडे, एक पातेलं, एक ताट ठेवलं. तिला दुपारची झोप लागू लागली.

मग लोक येऊ लागले. पाद्री येऊन म्हणाले, "मनात काही असेल तर बोला." ओमना दिवसातून तीनदा हाक मारायची आणि ओ मिळाली की निमूट परतायची. एका सकाळी विहिरीवरचा दोर नाहीसा झाला.

"दोर कुठाय, ओमना?"

"माझ्याकडे. पाणी मी भरून देईन ना." ओमना नजर वर करेना.

आपण जीव देऊ अशी हिला भीती आहे, हे अन्नम्माला उलगडलं.

शनिवारी न कळवता रेजी आला, डॉक्टरांना घेऊनच.

"झोप येते?" त्यांनी विचारलं.

"छान."

"जगावंसं वाटतं?"

"साहेब, आत्ता कुठे सवड मिळालीय."

डॉक्टर हसले. आजार काही नाही म्हणाले. रेजी हसला नाही. "लोक काय म्हणतील, अम्मच्ची? पोराने आईला उघड्यावर टाकलं?"

"तू काही कमी केलं नाहीस रे. तेच तर."

परत जाण्याआधी त्याने नवा फ्रीज आणला आणि चटईसमोरच्या भिंतीवर कॅमेरा बसवला.

पहिल्याच संध्याकाळी रेजीचा फोन आला. "एवढंसंच जेवलीस?"

"पोट भरलं."

दुसऱ्या दुपारी पुन्हा. "अजून पडूनच आहेस? काय होतंय?"

तिसऱ्या दिवशी ती पेजेचं ताट घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली. आत फोन वाजू लागला. थांबला, परत वाजला. थोड्या वेळाने कुंपणापलीकडे ओमनाचाही फोन वाजला, आणि ओमना लगबगीने बाहेर आली.

अन्नम्मा पेज संपेपर्यंत उठली नाही.