कुंकू लागलेली फ्लॉपी

नवा कॉम्प्युटर गोरक्षनाथने नगरहून एसटीत मांडीवर घेऊन आणला. "टपावर टाकला असता तर राहुरीपर्यंत त्याचं भरीत झालं असतं, वहिनी," तो म्हणाला. माधुरी कसंनुसं हसली. तिचं लक्ष त्याच्या पिशवीतल्या हार्ड डिस्ककडे होतं. जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात, वीज कमी-जास्त होता होता, एका दुपारी धूर सोडून गप्प झाला होता. गोरक्षनाथने त्यातून डिस्क तेवढी वाचवली होती, आणि त्या डिस्कमध्ये तुषारची अक्षरं होती.

तुषार तिचा नवरा, गोरक्षनाथचा याच धंद्यातला दोस्त. घराच्या पुढच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून द्यायचा. पुण्याहून विकत आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने माउसने वळण-वळण करत स्वतःची अक्षरं काढली होती, अ पासून ज्ञ पर्यंत. गिऱ्हाईक म्हणायचं, "छापल्यागत वाटतच न्हाई, कुणी बसून लिव्हल्यागत वाटतंय." ढ काढला तेव्हा त्याने माधुरीला चुलीपुढून उठवून आणलं होतं. "बघ, तुझ्या बापासारखं पोट सुटलंय का नाही!" तिने पिठाच्या हाताने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

निकिता झाली तेव्हा तो म्हणाला, "पोरगी शाळेत जायच्या आधी ही अक्षरं हातभर मोठी काढून भिंतीवर लावू. माझ्या अक्षरावर गिरवील."

"मग काढा की."

"सावकाश गं. कुठं पळून जातायत?"

अक्षरं कुठं गेली नाहीत. तोच गेला, गेल्या आषाढात, मनमाड रस्त्यावर. आणि आता जूनमध्ये निकिता बालवाडीत जायची होती.

गोरक्षनाथने डिस्क जोडली. पडद्यावर फायलींची नावं ओळीने उमटली, तशी माधुरी पदर सावरून पुढे सरकली. पण प्रोग्रॅम उघडेना. नवं मशीन बघून त्याने मूळ फ्लॉपी मागितली. विकत घेतलेलंच आहे ना, याची खात्री त्याला त्या फ्लॉपीवरूनच पटायची.

"आहे की! कपाटात आहे," म्हणत ती पळतच गेली.

फ्लॉपी आत गेली. घर्र झालं, पुन्हा घर्र, मग खटखट. गोरक्षनाथने ती बाहेर काढली, पत्र्याची बारीक झडप सरकवली आणि तसाच बघत राहिला. आतल्या काळ्या चकतीवर लाल थर वाळून घट्ट बसला होता.

"वहिनी, हे काय?"

ते कुंकू होतं, माधुरीने लगेच ओळखलं. खंडेनवमीला तुषार कॉम्प्युटरच्या डब्याला हळद-कुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा. तो गेल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला पूजा तिनेच मांडली. डब्याला बोट लावताना तिला वाटलं, हे तर वरचं खोकं. याचा जीव तर फ्लॉपीत, तिलाच तुषार कुणाला हात लावू द्यायचा नाही. कुंकू जिवाला लागावं. म्हणून तिने झडप सरकवली होती आणि ओल्या कुंकवाचं बोट आत टेकवलं होतं. जुन्या मशीनमध्ये प्रोग्रॅम आधीच बसवलेला, त्याला ती फ्लॉपी पुन्हा लागलीच नाही, म्हणून इतके महिने कळलं नाही.

गोरक्षनाथने कापूस फिरवला, पुसलं, पुन्हा घातली. घर्र. चौकातल्या बूथवरून पुण्याला, सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला, तर तिकडे आता कपड्यांचं दुकान होतं. कंपनी कधीच बंद पडली होती.

"तुमच्याकडं पण आहे ना भाऊजी, मराठी सॉफ्टवेअर?"

"ते दुसऱ्या कंपनीचं. त्याला ही अक्षरं उमगत नाहीत. नगर, श्रीरामपूर, सगळीकडं विचारलं. हे कुणाकडंच नाही." तो खाली बघत म्हणाला, "आणि माझं तर कुणाकडून तरी उतरवून घेतलेलं. तुष्या पैसे मोजायला लागला तेव्हा मी त्याला येड्यात काढला होता. माझं फुकटचं कुठंही चालतं. त्याचंच अडलं बघा."

सासू, भागिरथीबाई, उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली, सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट मनानं लावलंस का त्ये? न्हाई ना? मग रडू नगंस. देवाम्होरं ठिवू तिला." फ्लॉपी तिने पदराने पुसली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून, निकिता निजली की माधुरी माळ्यावरच्या उरलेल्या पत्रिका काढून बसू लागली. कात्रीने एकेक अक्षर कापायचं, पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायचं. चिरंजीवचा च, घटिकेतला घ, फाल्गुनातला फ. हातभर मोठी नाहीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ढ काही सापडेना. लग्नाच्या आमंत्रणात ढ लागतोच कुठं? तिने सगळी आडनावं पालथी घातली.

शेवटी तिने पेन घेतलं. डोळे मिटून पडद्यावरचा तो ढ आठवायला गेली, तर धपाटा आठवला, त्याचं हसणं आठवलं, पोटाचा वळसा मात्र नेमका कुठून वळायचा ते हाताला येईना. तिने काढला तसा काढला. खाली जरा वाकडाच झाला.

निकिता उठून मांडीवर आली. पुठ्ठ्यावर बोट फिरवू लागली. "हे बाबाचं. हे बाबाचं. हे पण बाबाचं." ढ पाशी बोट थांबलं. "हे पण?"

माधुरीच्या ओठावर 'हो' आलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली, "तेवढं माझं."