काजव्यांचा प्रश्न

भांडण पेटलं ते ‘विकृती’ या शब्दावरून.

आमच्या दवाखान्यात खोल्या दोन, टेबल एक, एक सिस्टर आणि झाडलोट करायला मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तोही रस्ता सुकला असेल तर. रक्तदाबाचं मशीन महिन्यापूर्वी दुरुस्तीला गेलं, ते तिकडेच रमलं. तेव्हा दिवस गेलेली बाई आली की तिला प्रश्न विचारायचे, एवढंच आमच्या हातात उरलं होतं. ते प्रश्न कॉम्प्युटरवर यायचे. शाळेच्या मास्तरणीनं तो आणून बसवला होता आणि त्यातली सगळी सॉफ्टवेअरं फुकटची. शाळेतली पोरं असल्याच कॉम्प्युटरवर गणितं करायची. फुकट म्हटल्यावर गावाला पहिल्याच दिवशी संशय आला, की यात काहीतरी खोट असणार. खोट होती, पण निराळीच.

सिस्टर स्क्रीनवरचं जसंच्या तसं वाचायची.

“दृष्टिसंवेदनेत विकृती?”

समोर वीटभट्टीवाल्यांची सून. आठवा महिना, आणि शेजारी सासू. सासू ताडकन उठली. “तोंड सांभाळून बोला. आमच्या घरात विकृती-बिकृती काही नाही!”

“नाही,” असं सिस्टरनं टिपून घेतलं. “ऊर्ध्व उदरशूल?”

“तेही नाही. आम्ही विटा करतो.”

कोपऱ्यातल्या बाकावर तोफ बसली होती. तोफ म्हणजे गावातली जुनी सुईण. अर्धं गाव तिच्या हातांत जन्मलंय, मीही त्यातलाच, आणि हे ती मला अधूनमधून ऐकवत असते. सिस्टर आल्यापासून तिचं काम सुटलं, तोंड तेवढं चालू राहिलं.

“काय गं ए,” तोफ धडाडली, “तो डबा बोलतोय कुणाशी? बाईशी का औषधाच्या बाटलीशी?”

“आजी, ही शास्त्राची भाषा आहे.”

“मग शास्त्रालाच दिवस जाऊ देत! बाईला विचारायचं तर बाईच्या बोलीत विचार.”

सिस्टर लालेलाल झाली. “मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय ते. बदलणारी मी कोण?”

मास्तरीण वायर तपासायला आली होती, ती टेबलाखालून बाहेर आली. “बदलता येतं की. हे फुकट आहे ते कुणी भीक घातली म्हणून नाही. ज्यांनी केलं त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलंय. वापरा, वाटा, हवं ते बदला. शब्द सगळे एका जागी आहेत. फक्त अर्थ हलता कामा नये.”

मग तीन दुपारी मी झाडू टेकवून तमाशा बघितला. डोक्यावरचा पत्रा तापलेला, खुर्चीत तोफ, मास्तरीण टाइप करतेय, आणि सिस्टर पुस्तक उघडून अर्थावर पहारा देतेय. ‘मुखशोफ’चं झालं, ‘सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असतं का?’ उदरशूलाचं झालं, ‘छातीखाली, बरगड्यांपाशी कळ येते का?’ आणि विकृतीचं झालं, ‘डोळ्यांपुढं काजवे चमकतात का? नजर धूसर होते का?’

‘कौटुंबिक हिंसा’ आली तेव्हा तोफेनं आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, “लिही. नवरा हात उचलतो का? आणि त्याच्या आधी लिही, सासूला बाहेर घालवा.”

“हे असं लिहितात का कुठं?” सिस्टर म्हणाली. पण पुसलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती सून आली. स्क्रीननं सांगितलं म्हणून सिस्टरनं सासूला व्हरांड्यात बसवलं आणि एकेक प्रश्न वाचत गेली.

“काजवे?” पोरगी म्हणाली. “चमकतात की. चार दिवस झाले. मला वाटलं, भट्टीच्या धगीनं होत असेल.”

“डोकं दुखतं?”

“ठणकतं नुसतं.”

सिस्टरनं मान वर केली. पोरीचं सुजलेलं तोंड मग आम्हा सगळ्यांनाच दिसलं. स्क्रीन लाल झाला. त्यावर तोफेचेच शब्द होते, ‘बसू नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.’

सासू दारातूनच म्हणाली, “बायकांना व्हायचंच असं. ट्रॅक्टर विटांनी भरलाय, संध्याकाळी बघू.”

तोफ तिच्या अंगावर गेली. “तुझा लेक पायाळू होता, मी ओढून काढलाय. विटा उतर, नाहीतर परत आत घालीन!”

विटा उतरल्या. मी उतरवल्या, सिस्टरनं उतरवल्या, शेवटी सासूनंही पदर खोचला. तोफेसकट आम्ही सगळे त्याच ट्रॅक्टरवर चढलो. तासभराचा खड्ड्यांचा रस्ता सिस्टरनं पोरीचं डोकं मांडीवर घेऊन काढला. मोठ्या दवाखान्याच्या फाटकात पोरीला झटका आला. आतल्या डॉक्टरांनी धावत नेली, झटका थांबवला, पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली, माझ्या हातात मावेल एवढी. रडली मात्र आपल्या आजीसारखी.

“रक्तदाब फार चढला होता. वाटेत झटका आला असता तर दोघींतली एकही हाताला लागली नसती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिस्टर ट्रॅक्टरच्या चाकामागं जाऊन रडली. “मागच्या खेपेला मी हिच्या नावापुढं ‘नाही’ लिहिलं होतं, आजी.”

तोफ शेजारी टेकली. “रडून झालं की सांग. मला भूक लागलीय.”

मास्तरणीनं ते बदललेले शब्द सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे पाठवून दिले. कुठं लांब राहतात ती माणसं. त्यांना ते पटले. सहा महिन्यांनी नवं सॉफ्टवेअर आलं, आमच्याकडे आणि आसपासच्या सगळ्या गावांतल्या दवाखान्यांतही. तोफ नवं लुगडं नेसून बघायला आली. मास्तरीण एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होती आणि तोफ मान डोलवत होती. एका जागी मान थांबली.

“काय म्हणालीस? परत वाच.”

“इंजेक्शन कुठे घेतलं, दंडात की नितंबावर?”

“मी ढुंगण सांगितलं होतं! माझ्या शब्दाला हात कुणी लावला?”

मास्तरणीला हसू आवरेना. “लावला कुणीतरी. आजी, हे सगळ्यांचं आहे. कुणीही बदलू शकतं.”

“कुणीही?”

“कुणीही.”

तोफेनं खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

“मग घाल परत. आणि त्याला कळव, आमच्या गावात एकाही बाईला नितंब नाही म्हणावं.”