उजवा पुढचा, डावा मागचा

टप्पकन काहीतरी पडलं आणि ती दचकली. ओट्यावर उपड्या घालून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांमधली एक घरंगळून खाली आली होती. फरशीवर गोल गोल फिरत ती टेबलाच्या पायाशी जाऊन थांबली. एवढासा आवाज, पण घरात तेवढाच होता. टीव्ही मुका करून ठेवलेला, खिडक्या लावलेल्या, आणि बाळाने आत्ता कुठे तिच्या खांद्यावर डोळे मिटलेले. बाळाने ओठ हलवले, एक सुस्कारा सोडला आणि ते पुन्हा झोपलं.

"बाटली मेली," जमिनीवर बसलेली ठमी कुजबुजली.

"पडली म्हण. जरा चांगलं बोलावं की माणसानं."

"पडली आणि मग मेली."

"ठमे, मार खाशील हं."

ठमी हसली. तिला मार म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. ती आपल्या छोट्या सायकलच्या चाकात बोटं घालून बसली होती आणि एक डोळा टीव्हीवर ठेवून होती. टीव्हीवर डोंगर होता, डोंगरावर रस्ता होता आणि त्या रस्त्यावर कुठेतरी तिचे बाबा होते.

बाबा सायकलच्या शर्यतीत होते, पण जिंकायला नव्हे. संघाचा कॅप्टन जिंकावा म्हणून जी बाकीची माणसं झिजतात, त्यांतले ते एक. मागून येणाऱ्या संघाच्या गाडीकडून बाटल्या घ्यायच्या, जर्सीत पुढून-मागून कोंबायच्या आणि भरल्या पोटाच्या गाईसारखं धापा टाकत पुढे जाऊन सगळ्यांना वाटायच्या. संघातले त्याला पखाल्या म्हणत. त्याला संघात घेण्याचं निम्मं कारण त्याचे पाय, आणि निम्मं त्याची उंची. तो नेमका कॅप्टनच्या मापाचा होता. कॅप्टनचं चाक फुटलं आणि गाडी मागे राहिली, तर पखाल्याने उतरायचं, आपली सायकल त्याला द्यायची आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. "मी म्हणजे कॅप्टनचं स्टँड," तो म्हणायचा. तिला ते कधीच हसू येण्यासारखं वाटलं नव्हतं.

तिला चढाची भीती नव्हती. चढावर माणूस दमतो, शिव्या देतो, फार तर उतरून चालायला लागतो. तिचा जीव जायचा तो उताराला. माथ्यावरून खाली येताना ही माणसं मोटारींच्या पुढे पळतात. अंगावर झिरझिरीत कापड, खाली बोटभर रुंदीचं चाक. आणि आज माथ्यावर धुकं होतं.

"आई, बाबा कुठंयत?"

"हे बघ." टेबलावर पेल्याला टेकवून ठेवलेला फोन तिने बोटाने वळवला. फोनवर नकाशा होता आणि नकाशावर ठिपके रांगत होते. प्रत्येक सायकलच्या बैठकीखाली एक डबी बसवलेली असते. डबी जाईल तिथे ठिपका जातो. पखाल्या टीव्हीवर दिसायचा तो चुकून, कुणाच्या तरी खांद्याआडून. त्यामुळे ती शर्यत बघायची ती या ठिपक्याचीच. ठिपका हलतोय म्हणजे तो आहे. त्याच्या पुढे तिला काही नको असायचं.

टीव्हीवर आता नुसतं पांढरं दिसत होतं. हेलिकॉप्टरलाही काही दिसत नसावं. मग सकाळचीच दृश्यं परत दाखवायला लागले: कॅप्टन हात हलवतोय, कॅप्टन पाणी पितोय.

ठमी उठून सायकलवर बसली आणि जागच्या जागी हँडल वळवू लागली. "उजवा पुढचा, डावा मागचा. उजवा पुढचा, डावा मागचा."

"हळू म्हण. बाळ उठेल."

हा बाबांनी शिकवलेला मंत्र. शर्यतीच्या बहुतेक सायकलींना डाव्या हाताने पुढचं चाक थांबतं आणि उजव्या हाताने मागचं. पखाल्याचं उलटं होतं. लहानपणी कुणाची तरी मोडकी सायकल मिळाली, तिच्या तारा अशा उलट्या जोडलेल्या होत्या, आणि हाताला जे वळण लागलं ते लागलं. लेकीच्या सायकललाही त्याने हौसेने तसेच ब्रेक बसवले होते. "आपल्या घराण्याची पद्धत आहे ही," म्हणाला होता.

यंदा मात्र मॅनेजरने सक्त ताकीद दिली होती. पखाल्याची सायकल कॅप्टनच्या सायकलीसारखीच हवी, ब्रेकसकट. त्याने मुकाट्याने बदलून घेतले होते. आणि मग परवा हॉटेलातून त्याचा फोन आला.

"आज एका वळणावर गंमतच झाली."

"कसली गंमत?"

"काही नाही गं. घाईत हात सवयीनं गेला. डावा दाबला, मागचा समजून, आणि लागला पुढचा. मागचं चाक जरासं उचललं. पण बसलं परत."

ती म्हणाली, "ते ब्रेक आधीसारखे करून घे."

"मॅनेजर फाडून खाईल मला."

"मग घरी ये."

"अगं, असं काय करतेस?"

"दोन पोरं आहेत माझ्या पदरात. मला तुझं कौतुक नको, तू हवास. त्या मेकॅनिकला पटव, नाही तर त्याच्या पाया पड, पण करून घे. माझी शपथ आहे तुला."

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. उजव्या हाताच्या अंगठ्याचा फोटो, आणि खाली: उजवा पुढचा, डावा मागचा. आता तरी झोप. त्या रात्री ती बाळाबरोबर गाढ झोपली होती.

फोन थरथरला. ताईंचा होता, कॅप्टनच्या बायकोचा. एका हातात बाळ, म्हणून तिने बोटाने स्पीकर लावला आणि आवाज अगदी बारीक केला.

"काय गं, बघतेयस ना?" ताईंचा आवाज नेहमीसारखा मोकळा. "इकडे तर नुसता कापूस दिसतोय. तुझ्या त्या ठिपक्यांत बघ की आमचे साहेब कुठंयत."

तिने नकाशा पुन्हा वर आणला. माथा ओलांडून ठिपक्यांची पुढची ओळ उतरायला लागली होती. त्या ओळीत कॅप्टन नव्हता, पखाल्या होता.

"ताई, हे काहीतरी भलतंच आहे. आमचे पुढे दिसतायत. आणि कॅप्टन माथ्याच्या अलीकडे... थांबलेत."

"अगं बाई! थांबले? चाक फुटलं असणार. आणि तुझा नवरा त्यांना तिथंच टाकून पुढे पळाला? आता रात्री त्याची काही खैर नाही बघ." ताई हसल्या.

तिला हसू आलं नाही. कॅप्टनला टाकून हा पुढे जाणार नाही, मरेपर्यंत जाणार नाही. मग हा पुढे काय करतोय? आणि एवढ्या जोरात? ठिपका वळणामागून वळण घेत होता, इतरांना मागे टाकत होता. हळू, ती मनात म्हणाली. कुणी सांगितलंय तुला? हळू.

ठिपका थांबला.

बाकीचे ठिपके त्याला ओलांडून गेले. एक, मग दोन एकदम. हा होता तिथेच राहिला. तिने बोटाने पडदा पुसला, जणू कचऱ्याने अडला असावा.

"ताई, थांबलाय तो."

"कोण?"

"आमचा. वळणावर. हलत नाहीये."

"अगं, तो नकाशा अडकला असेल. माझा फोन तर रोज अडकतो. हे बघ, घाबरू नकोस. मी आहे ना फोनवर? मी फोन ठेवतच नाही. श्वास घे बघू आधी."

तिला ओरडायचं होतं. पण खांद्यावर बाळ होतं आणि समोर ठमी होती. त्यामुळे जे काय घाबरायचं ते बिनआवाजाचं.

टीव्हीवरचं पांढरं फाटलं. खाली रस्ता दिसला, काळा, ओला. वळणाबाहेर गवतात एक सायकल आडवी पडली होती. तिचं चाक अजून फिरत होतं.

"माझा मासा!" ठमी टुणकन उडी मारून टीव्हीपाशी गेली. "आई, माझा मासा!"

सायकलच्या दांड्यावर नारिंगी मासा चिकटवलेला होता. निघायच्या दिवशी ठमीनेच चिकटवला होता, वाकडा, शेपटी वर.

"मी काय म्हणते, ऐक," ताई बोलत होत्या, "ही माणसं पडतात आणि उठतात. आमचे किती वेळा पडले! तू मन घट्ट कर. पोरांकडे बघ."

कॅमेरा सरकला. सायकलपासून लांब, दगडांच्या कडेला एक माणूस पालथा पडला होता. जर्सी त्यांचीच. पण जर्सी तर सगळ्यांची तीच. तिने चेहरा शोधला, तो दिसेना. मग पाय दिसले.

पायांत पांढरे बूट होते.

पखाल्याचे बूट काळे. बाटल्या वाहणाऱ्याचे पांढरे बूट तासभरही पांढरे राहत नाहीत, असं म्हणून त्याने मुद्दाम काळे मागून घेतले होते. सगळ्या संघात पांढरे बूट एकाचेच.

सायकल त्याची, पण माणूस तो नव्हे. आजही तो स्टँड झाला होता. तिच्या छातीतून एकदम हवा सुटली, इतकी की ती हसलीच. खरंच हसली, तोंड उघडून. देवा, तो नाही. तो नाही.

"काय झालं? उठला का गं?" ताईंनी विचारलं.

तिने तोंडावर हात दाबला. त्या हाताला तिच्याच हसण्याची ऊब लागली, आणि तो हात तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या टीव्हीवर दिसतंय का?"

"आत्ता दिसायला लागलं. थांब हं, चष्मा..." मग अगदी वेगळ्या, लहान मुलीच्या आवाजात: "हे तर ह्यांचे बूट."

दोन्ही घरांतली शांतता त्या एवढ्याशा फोनमध्ये मावत नव्हती.

टीव्हीवर धुक्यातून दुसरा एकजण आला, काळ्या बुटांचा. गाडीवरून दिलेली कुठलीतरी सायकल होती त्याच्याकडे, बैठक नको तेवढी खाली. त्याने ती चालत्यातच फेकली आणि धावला. पालथ्या माणसाशेजारी गुडघ्यांवर बसला, त्याच्या तोंडाजवळ कान नेला. डॉक्टर आले, त्यांनी त्याला बाजूला सारलं. तो उठला. काय करावं ते न कळून गवतातल्या आपल्या सायकलपाशी गेला, तिचं हँडल हातात घेतलं आणि त्याकडे बघत राहिला. मग त्याने पुढचं चाक उचलून फिरवलं आणि उजव्या हाताचा ब्रेक हलकेच दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

तिला सगळं कळलं. त्या घाईत, त्या धुक्यात, सायकल हातात देताना एखादं वाक्य बोलायला श्वास तरी होता का त्याच्याकडे? आणि ती म्हणाली होती, माझी शपथ आहे तुला. कॅप्टनला सांगून ठेव, एवढं म्हणायचं मात्र तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

स्ट्रेचर आलं. कुणाचा हात हलला की उचलताना घसरला, ते मुक्या टीव्हीवर समजायला मार्ग नव्हता.

फोनमधून ताईंचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी खरंच फोन ठेवला नव्हता.

ठमी टीव्हीपासून मागे आली आणि आपल्या छोट्या सायकलवर बसली. तिने आधी उजवा हात बघितला, मग डावा. कपाळाला आठी घालून विचार केला. आणि कुजबुजायचं विसरून, खणखणीत आवाजात म्हणाली,

"आई, बाबांच्या सायकलचे ब्रेक आपल्या पद्धतीचे आहेत, हे कॅप्टनकाकांना कुणी सांगितलं होतं?"