उशाकडून उंच

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. जुना म्हणजे मोडका, असं मात्र समजू नका. माझं लाकूड तर माझ्याहूनही जुनं. एक नाट्यगृह पाडलं, तेव्हा त्याच्या रंगमंचाच्या फळ्या विकायला निघाल्या होत्या. त्या फळ्यांवर राजे मेले होते आणि राण्या रुसल्या होत्या. आमच्या मिस्त्रींनी त्या घरी आणल्या आणि स्वतःच्या लग्नासाठी मला घडवलं. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडं नाटक आलं, तर सांभाळून घ्या.

मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीतले सुतार. माणूस सोन्यासारखा, पण एक वेड होतं. सपाट म्हणजे सपाट! कुणाच्या घरी भिंतीवरचा फोटो तिरका दिसला, की हातातला चहा खाली ठेवून आधी तो सरळ करणार. मी तयार झालो त्या दिवशी त्यांनी माझ्या मधोमध एक गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. मग काय, पाहुणा आला की गोटीचा खेळ ठरलेला. "बघा, हलतेय का?" आतून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओरडायच्या, "अहो, त्यांना आधी बसू तरी द्या!" आणि मी आपला फुशारून जायचो.

मुलं माझ्यावर नाचली, तापात तळमळली, मोठी होऊन परगावी गेली. मी कधी कुरकुरलो नाही. अजूनही कुरकुरत नाही, विचारा कुणालाही.

मग मिस्त्रींना खोकला लागला. दुपारी जेवून ते माझ्यावर आडवे झाले, की तोंड कडू पडायचं, घसा जळायचा आणि ढास सुरू व्हायची. सगळ्यांनी खापर फोडलं लाकडाच्या भुशावर. काकूंनी त्यांच्या तोंडाला मास्क बांधला, काढे पाजले, दुकानात पाणी शिंपडलं. खोकला काही हटेना. शेवटी मिस्त्री आरामखुर्चीत बसून झोपायला लागले, कारण तिथे जरा बरं वाटायचं. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला. मित्रांनो, मला फार लागलं ते. ज्यानं घडवलं त्याला मीच नकोसा झालो, आणि का, तेही कुणी सांगेना!

पुढे डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले. फुफ्फुसात जागोजागी व्रण धरले होते. नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली, त्यात मिस्त्रींचा दम कमी पडला. "पुढच्या तपासणीपर्यंत दुकान बंद," डॉक्टर म्हणाले. "दम आणखी कमी झाला, तर करवत कायमची खाली ठेवायची." त्या दिवशी मिस्त्री घरी आले आणि कपड्यांचा ढीग सरकवून माझ्या काठावर बसले. तळहातावरचे करवतीचे घट्टे चोळायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, होईल सगळं नीट." ते म्हणाले, "काम गेलं तर मी कशाचा मिस्त्री, सांग?"

डॉक्टरांनी फुफ्फुस धुऊन काढलेलं पाणी तपासायला पाठवलं आणि त्यात निघालं पित्त! पोटातली वस्तू छातीत कशी गेली? मिस्त्री चक्रावले. त्यांची पुतणी एका प्रयोगशाळेत नेमकं पित्तावरच संशोधन करते. घरात तिला सगळे 'शास्त्रीणबाई' म्हणून चिडवतात. ती आली, माझ्यावर मांडी ठोकून बसली आणि काकांना समजवायला लागली.

"काका, यकृत पित्त करतं. त्यातली आम्लं तूप-तेल पचवतात. ती आली हे शरीराला कळायला हवं ना? म्हणून पेशींमध्ये रिसेप्टर असतात. तुमच्या भाषेत, खाच. आम्लाची खुंटी खाचेत बसली, की पेशी कामाला लागते."

"मग खाच पोटात असेल. छातीत तिचं काय काम?"

"तीच तर गंमत! फुफ्फुसातही त्या खाचा असतात. एरवी तिथे पित्त फिरकत नाही. पण तुम्ही जेवून सपाट आडवे होता. मग पोटातलं थोडं थोडं घशाशी येतं आणि चोरपावलांनी श्वासनळीत उतरतं. खाचेत खुंटी बसली, की पेशी गोंधळ घालतात. सूज येते. डागडुजी सुरू होते, ती थांबतच नाही आणि व्रण धरतात."

"म्हणजे ती खाचच बुजवून टाका की!"

"इतकं सोपं असतं तर मला नोकरी कशाला मिळाली असती? काही खाचा आग भडकवतात, काही विझवतातही. कोणती केव्हा काय करते, तेच तर शोधतोय आम्ही. तोवर पित्त वर येऊच द्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना? औषध घ्या, रात्री लवकर जेवा, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणि पलंग उचलून घ्या. उशाकडून चांगला वीतभर."

मी हादरलो. उचलायचा? मला? मिस्त्रींचाही चेहरा पडला. पण काम वाचवायचं होतं. "बरं," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की काकूंनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घरीच, मास्क लावून, दोन ठोकळे केले. गुळगुळीत, कडा घासून गोल केलेले, सुंदर. उशाकडचे दोन पाय वर चढवले. मग लांब उभे राहून माझ्याकडे पाहिलं. डोकं खाजवलं. गोटी ठेवली, ती पायथ्याकडे धावली. मिस्त्रींना ते बघवेना. त्यांनी आणखी दोन ठोकळे केले आणि पायथ्याचे पायही वर चढवले! परत गोटी ठेवली. हलली नाही. "आता कसं, उंचही झाला आणि सरळही!" मिस्त्री खूश, आणि खरं सांगायचं तर मीही खूश.

काकूंना मात्र माझ्यावर चढायला स्टूल लागायला लागलं. "पुढच्या महिन्यात शिडी आणा," त्या म्हणाल्या. खोकला होता तसाच.

शास्त्रीणबाई आली आणि दारातच तिनं कपाळावर हात मारला. "काका! उंच नाही, तिरका हवा होता! असं पोटही वर गेलं आणि घसाही वर गेला. पित्ताला काय, गच्चीवर फिरायला नेलंत?" काकू हसता हसता स्टुलावरून घसरल्या. मिस्त्री ओशाळले. त्यांनी पायथ्याचे ठोकळे मुकाट्यानं काढले आणि खोलीत येताना ते माझ्याकडे बघायचं टाळायला लागले.

पण मित्रांनो, खोकला हळूहळू उतरला. मिस्त्री परत माझ्यावर झोपायला लागले. तपासणीचा दिवस आला. काकू सकाळपासून एकाच चादरीची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. मिस्त्री परतले ते जिन्यातूनच ओरडत, "अगं, दम कमी झालेला नाही! मास्क लावून अर्धा दिवस दुकान उघडा म्हणाले!" काकूंचा जीव भांड्यात पडला. जुने व्रण काही पुसले गेले नाहीत, पण नवे धरले नव्हते.

आणि दुकान उघडल्यावर पहिलं काम कोणतं, माहीत आहे? माझं! मिस्त्रींनी मला उचलवून दुकानात नेलं. "ठोकळ्यांवर टेकलेला पलंग म्हणजे अर्धवट काम," ते म्हणाले. "व्हायचंय ना तिरका? मग नीट होऊ दे." त्यांनी माझ्या पायथ्याच्या पायांवर तिरकी खूण केली. ज्या हातांनी मला सपाट केलं, त्याच हातांनी करवत लावली. काकू दारात उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरून.

दुखलं का? दुखलं असेल. माझं लक्षच नव्हतं. मी फक्त करवतीचा आवाज ऐकत होतो, तो मध्ये थांबतो का, खोकला येतो का. एक पाय कापून झाला. दुसरा कापून झाला. आवाज थांबला नाही.

म्हणून मित्रांनो, घरात कुणाचा खोकला रेंगाळत असेल, तर आपल्या मनानं भुशावर किंवा थंडीवर ढकलून मोकळे होऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि ते म्हणाले की पलंग उशाकडून उचला, तर खुशाल उचला. कसा दिसेल, लोक काय म्हणतील, याची काळजी नको. आम्हा पलंगांना चालतं. आमच्यावर माणूस शांत झोपला पाहिजे, बस्स.