धूमकेतूची पाटी

मार्च महिन्याच्या अकरा तारखेला, मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, व्यापारचिन्ह कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील दोन क्रमांकाच्या खोलीत मास्तरांनी आपली अकरा पानी कैफियत टेबलावर ठेवली, दोन्ही तळहातांनी तिच्या कडा जुळवल्या आणि पिशवीतला शब्दकोश काढून तिच्यावर वजनासारखा ठेवला. शेजारच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ अंग चोरून बसला होता. सायकली दुरुस्त करता करता नखांत मुरलेले वंगण सकाळी दोनदा साबण लावूनही निघाले नव्हते, म्हणून त्याने हात टेबलाखाली धरले होते.

समोर कंपनीचा वकील होता. वयाने तरुण, इस्त्री कडक, वागणे मऊ. मध्ये सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई. त्यांनी चष्मा पुसला आणि मास्तरांकडे पाहिले.

"दुकान यांचं. मग बोलणार तुम्ही?"

"मी थोरला भाऊ. एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. त्याला पंक्चर काढता येतं, मला वाक्य लिहिता येतं. कामं वाटून घेतली आहेत."

बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "बोला."

तीन आठवड्यांपूर्वी नोटीस आली होती. धूमकेतू कंपनीची सायकल कोणाला ठाऊक नाही? ज्या घरात सायकल होती, त्या घरात बहुधा तीच होती. आणि धाकट्याच्या दुकानावर अठ्ठावीस वर्षे धूमकेतू सायकल दुरुस्ती या नावाची पाटी होती. ती उतरवावी, वर्तमानपत्रातून माफी मागावी, असे नोटिशीत म्हटले होते. धाकटा ती घेऊन तडक मास्तरांकडे आला होता. दुकानात होते काय? एक पंप, दोन स्टुले, हत्यारांची पेटी आणि हे नाव. बसचे वाहकदेखील दुकानासमोरच्या चौकाला 'धूमकेतू' म्हणून हाका देत. नाव गेले, तर गिऱ्हाईक कशाच्या खुणेने येणार?

मास्तरांना मात्र त्या कागदातील एकच शब्द झोंबला होता. आपण आमच्या अशिलाच्या लौकिकाचा 'अपहार' केला आहे. गिऱ्हाईक विसरून गेलेला पंप ज्याने सहा महिने सांभाळून परत केला, त्या माणसाने म्हणे अपहार केला! त्यांनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि त्याच दिवशी कैफियतीचे पहिले पान लिहून काढले.

"धूमकेतू हा शब्द कंपनीच्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीचा आहे," मास्तर आता उभे राहूनच बोलू लागले. "दुकान काढलं त्या वर्षी आकाशात धूमकेतू आला होता. आठवडाभर पहाटे आम्ही दोघं गच्चीवर जाऊन बघत होतो. त्यावरून हे नाव. आकाशातल्या धूमकेतूनं यांच्या अशिलाकडून परवाना काढलाय का? की तोही चोरून हिंडतो?"

"मास्तर," बाई म्हणाल्या, "धूमकेतूला नोटीस गेलेली नाही. तुमच्या भावाला गेलीय. बसा."

मास्तर बसले.

"सर, शब्दकोशावर आमचा दावा नाहीच," वकील म्हणाला. "उद्या कोणी धूमकेतू नावाची खानावळ काढली तर आम्ही कदाचित बोलणारही नाही. पण सायकली आमच्या आणि सायकलींचंच दुकान यांचं. लोकांना वाटतं, ही कंपनीचीच शाखा."

"शाखा!" धाकट्याला राहवले नाही. "अहो, पाऊस आला की मी गिऱ्हाइकाला स्टूल देतो आणि स्वतः उभा राहतो. कसली शाखा?"

बाईंनी हात वर करून दोघांनाही थांबवले. "हे बघा, मुद्दा एवढाच आहे. तुम्ही नाव प्रामाणिकपणे, स्वतःहून सुचून घेतलं असेल, तर अठ्ठावीस वर्षांचा वापर मी जमेस धरीन. पाटीवर तुमचं आडनाव जोडा, 'कंपनीशी संबंध नाही' अशी ओळ घाला, आणि नाव ठेवा. पण ते सायकलीवरून उचललं असेल, तर ठेवता येणार नाही. आकाशातून आलं की सायकलीवरून, एवढंच मला ठरवायचंय."

"आकाशातून," मास्तर ठामपणे म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. ती गच्ची, ती थंडी, धाकट्याने पुढे केलेले बोट, सारे त्यांना लख्ख आठवत होते.

वकिलाने एक मोठे छायाचित्र टेबलावरून सरकवले. दुकानाची पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरे.

"सर, पहिला शब्द जरा फोड करून वाचाल? शाळेत वाचून घेता तसा."

हा काय पोरकटपणा, अशा नजरेने मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले आणि चित्र जवळ ओढले. "धला..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्र डोळ्यांशी नेले.

"धला कितवा उकार, सर?"

"पहिला."

"आणि शब्दकोशात?"

"दुसरा," मास्तर म्हणाले. शब्दकोश उघडण्याची त्यांना गरज नव्हती. याच उकारासाठी त्यांनी किती वह्यांतले अर्धे अर्धे गुण कापले होते, त्याची गणती नव्हती.

"आमच्या कंपनीचा पहिला बिल्ला पाडला तेव्हा कारागिराकडून पहिला उकार पडला," वकील शांतपणे म्हणाला. "तोच पुढे नोंदला गेला. आजही प्रत्येक सायकलीवर तोच असतो. गच्चीवरून पाहिलेल्या धूमकेतूला तो कसा आला, एवढंच मला विचारायचंय."

बाईंनी चित्र स्वतःकडे वळवून घेतले.

"एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "ऱ्हस्वदीर्घ पाळतं कोण हल्ली? माझ्याच कार्यालयाच्या फलकावर दोन चुका आहेत. पाटी रंगवली कोणी?"

"रंगाऱ्यानं," धाकटा झटकन म्हणाला. "बिचारा आता हयात नाही. अक्षरशत्रूच होता तो. त्याचीच चूक, बाईसाहेब." आणि त्याने टेबलाखालून मास्तरांचा गुडघा दाबला.

"रंगाऱ्याची चूक असेल तर प्रश्न मिटतो. तसं नोंदवू?" बाईंनी पेनाचे टोपण काढले. वकिलाने मास्तरांकडे पाहिले.

मास्तर चित्राकडे पाहत राहिले. रंगारी शिडीवर चढला होता खरा, पण म्हणाला होता, "मला नाही जमत लिहायला, मास्तर. तुम्ही खडूनं काढून द्या, मी रंग भरतो." आणि शिडीवर चढून, मान तिरपी करून, एकेक अक्षर त्यांनीच काढले होते.

"थांबा," ते म्हणाले.

"दादा, राहू दे ना."

"खडूनं अक्षरं मी काढून दिली होती. रंगाऱ्यानं नुसता रंग भरला."

"दादा!"

"मेलेल्या माणसाच्या नावावर मी माझी चूक चढवणार नाही." मास्तर पुन्हा उभे राहिले होते, आवाज चढला होता. "आमच्या वडिलांकडे यांचीच सायकल होती. मी पुढच्या दांड्यावर बसायचो, हँडलवरचा बिल्ला नाकासमोर. शाळेत जायच्या आधी मला वाचता आलेला पहिला शब्द तो. वडील बोट ठेवून वाचून घ्यायचे. नाव आम्ही आकाशातून घेतलं, बाई, तुमची शपथ. पण हाताला अक्षर तेच ठाऊक होतं. चूक केली यांनी, पितळेत ठोकून घरोघर पाठवली यांनी, आमच्यासारख्या पोरांना ती खरी म्हणून शिकवली यांनी. आणि आज ती माझ्या हातात सापडली म्हणून अपहार केला आम्ही? अहो, परत न्या तुमचा उकार! मला तो नको होता!"

वकिलाने मान खाली घातली आणि कागद उगाच चाळले. धाकट्याने टेबलाखालचे हात वर काढले, टेबलावर पसरले आणि त्यांच्याकडेच पाहत राहिला.

बाईंनी चित्रावर पेनाचे टोक टेकवले. "म्हणजे पाटीवरची अक्षरं बिल्ल्यावरून आली."

"हो," मास्तर म्हणाले.

बाईंनी दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली आणि कागद धाकट्याकडे सरकवला.

"नाव कंपनीच्या बिल्ल्यावरून घेतलेलं आहे. महिन्याच्या आत पाटी उतरवा."