नऊ बटणांची नऊ वाक्यं

सासूने पुस्तक गुडघ्याखाली दाबून उघडं ठेवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ओळीवर बोट टेकवलं.

"थोरला एस, धाकटा टी, धाकटा आर, धाकटा आय…"

सून कीबोर्डवर एकेक अक्षर दाबत गेली. मोठं अक्षर ते थोरलं आणि लहान ते धाकटं, हे सासूचंच नामकरण. इंग्रजीचा शब्द तिला कळत नसे. अक्षरं मात्र सगळी ओळखीची होती. मुलाचा अभ्यास घेता घेता शिकली होती, आणि तेव्हा चुका त्याच्याच निघायच्या असं ती ठासून सांगे.

तो मुलगा आता बेचाळीस वर्षांचा होता आणि खिडकीजवळच्या पलंगावर पडून होता. आधी त्याची जीभ गेली, मग डावा हात. उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला होता. मोबाइलवर एक अक्षर उमटवायला तेच बटण तीन-तीन वेळा दाबावं लागे. शब्द पुरा व्हायच्या आत अंगठा दमून जाई. सून कचेरीत पत्रं टाइप करायची. या फोनसाठी प्रोग्राम लिहिता येतो, एक बटण दाबलं की अख्खं वाक्य दुसऱ्याच्या फोनवर जाईल असं करता येतं, हे तिने तिथेच ऐकलं. मग वाचनालयातून तिने हे सातशे पानांचं पुस्तक आणलं. शिकवायला दुसरं कुणी नव्हतं.

"एवढा जाडजूड ग्रंथ आणि माणसाच्या उपयोगाचं एक वाक्य नाही," सासू म्हणाली. "लिहिणाऱ्याला घरात कुणी टोकणारं नसावं."

पलंगावरचे खांदे हलले. त्याचं हसू आता तेवढंच राहिलं होतं.

नऊ बटणांवरची नऊ वाक्यं सासूने ठरवली होती. पाणी हवं. कूस बदला. उकडतंय. दुखतंय. शेवटचं, आईला बोलवा.

"त्यांना एकदा विचारूया ना, आई."

"त्याला काय विचारायचं? पोटात होता तेव्हापासून ओळखते मी त्याला."

"आणि मला बोलवायचं असलं तर?"

"तुझ्याच फोनवर तर जाणार आहे सगळं. आणखी वेगळं आमंत्रण कशाला?"

पुस्तकातलं सगळं उतरवून झालं आणि प्रोग्राम चालेना. संगणक शेवटच्या ओळीकडे बोट दाखवी, आणि शेवटच्या ओळीत तर चूक दिसत नव्हती. त्यांनी सगळं पुसून पुन्हा घातलं. सासूने वाचलं, सुनेने दाबलं. मग तिसऱ्यांदा. त्यात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सुनेने पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि पान न् पान पडद्याशी ताडून पाहिलं.

"आई, इथे खाली कंस आहेत ना, ते किती वाचलेत तुम्ही?"

"एक."

"तीन आहेत. एकाखाली एक."

"तेच ते तीनदा कशाला छापतील? छापणाऱ्याचा हात अडकला असेल. मी एकच वाचला." मग जरा थांबून, "दर वेळी एकच वाचला. विसरले नाही हो मी."

सुनेने त्या तीन कंसांवर बोट तसंच ठेवलं.

"बोल की. तोंडात धरून बसू नकोस."

"काही नाही," सून म्हणाली आणि उरलेले दोन कंस घातले.

प्रोग्राम चालला. फोनच्या इवल्याशा पडद्यावर नऊ वाक्यं एकाखाली एक उभी राहिली. सुनेने फोन नवऱ्याच्या हातात ठेवला, अंगठा पहिल्या बटणावर टेकवला. तो तिथेच पडून राहिला. तिने तो दुसऱ्या बटणावर नेला, मग तिसऱ्या. अकरा दिवसांपूर्वी याच अंगठ्याने त्याने चहाचा कप ढकलून दिला होता. शेवटी तिने फोन तर्जनीखाली सरकवला, तेव्हा ते बोट एकदा खाली दबलं. बाजूच्या बटणापर्यंत ते पोचत नव्हतं.

सासू हे सगळं दारातून पाहत होती. पुस्तक पुन्हा तिच्याच हातात होतं.

"एकच, तर एकच," ती म्हणाली. "पाणी ठेव. बाकीचं आपण बघून घेऊ."

सुनेने या वेळी ऐकलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. "मी वाचते. हवं असेल तिथे डोळे मिटा." तिने नऊही वाक्यं वाचली. त्याचे डोळे उघडेच राहिले. सासूने पुढे होऊन तीच वाक्यं पुन्हा म्हटली, मोठ्याने, जसे काही त्याचे कानही गेले होते. 'आईला बोलवा'ला तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग नजर छताकडे गेली.

"दुसरंच काही हवंय का?" सुनेने विचारलं.

त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले.

सुनेने अक्षरं म्हणायला घेतली. क, ख, ग. ती सावकाश म्हणत होती. 'प'ला डोळे मिटले. मग बाराखडी. प, पा, पि, पी, पु. पुन्हा मिटले.

"पु," सून घाईने म्हणाली. "पुस्तक? पुस्तक वाचून दाखवू? की पुन्हा? पुन्हा वाचू सगळं?"

डोळे उघडेच.

"गप्प बस जरा," सासू म्हणाली. तिने मुलाच्या कपाळावर हात ठेवला. एरवी ताप आहे का बघायलाच तेवढा ठेवत असे. "पुरे?"

त्याने डोळे मिटले.

थोड्या वेळाने सासूने हात काढून घेतला.

"ऊठ. त्या एका बटणावर 'पुरे' लिही."

"आई, त्यांना तसं म्हणायचं नसेल. आज दमलेत. उद्या विचारू."

"आजवर मी विचारलं नाही. तू विचारलंस, त्याने सांगितलं."

सून संगणकापुढे जाऊन बसली. हात मांडीवर तसेच ठेवले. पडद्यावर 'पाणी हवं'च्या शेजारी रेघ लुकलुकत होती.

"मी नाही लिहिणार."

"मग मला दाखव कुठली बटणं दाबायची ती."

सून उठली नाही. पण थोडी सरकली, आणि उरलेल्या अर्ध्या खुर्चीवर सासू बसली.