सपाट आवाज

काचवाल्याची तक्रार अशी, की त्याच्या बायकोला भांडताच येत नाही. असली तक्रार ऐकून एखादा नवरा त्याच्या पाया पडेल. पण टाळी एका हाताने वाजत नाही, आणि काचवाला लग्नापासून एकटाच हात हलवून दमला होता.

तो चिडला की आधी त्याचे कान तापायचे, मग आवाज चढायचा, आणि मग तो घरभर येरझारा घालायचा. अशा वेळी बायकोने दोन शब्द उलट बोलावेत, भांडं आपटावं, निदान रडावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा. ती मात्र खुर्चीकडे बोट दाखवून म्हणायची, "आधी बस. काय झालं ते एकेक करून सांग." आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट.

"मी काय अपघातात सापडलोय का?"

"नाही. पाणी देऊ?"

यात दोष द्यायचाच तर तिच्या नोकरीला द्यावा लागेल. रुग्णवाहिका बोलावण्याच्या नंबरवर ती बसायची. कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन, आणि पलीकडे दिवसभर रडणारी, ओरडणारी, स्वतःच्या घराचा पत्ता विसरलेली माणसं. काचवाल्याने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावून ठेवला होता. हिची सगळी माया परक्यांवर खर्च होते, घरच्यांसाठी काही उरतच नाही, असा तो अर्थ.

त्यात त्या वर्षी धंदा बसला. नवी दुकानं होईनात, जुनी दुकानं काचा बदलीनात. काचवाल्याची झोप उडाली. चमचा पडला तरी तो दचकायचा आणि दचकला की खेकसायचा. एका सकाळी साध्या बनियनवरून सुरू झालेलं बोलणं कुठच्या कुठे गेलं आणि तो म्हणाला, "मी मामांकडे राहायला जातो. भिंतीशी बोलत बसायचं मला जमत नाही."

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आत्ता निघतोस की संध्याकाळी? चावी बरोबर ठेव."

झालं. इतक्या वर्षांच्या संसाराची किंमत एक चावी. लिफ्टमध्ये काचवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून तो उगाच बुटाची नाडी बांधत बसला. बायकोला आपण नकोसे झालोय, याबद्दल त्याला आता शंका उरली नव्हती.

मामा म्हणजे त्याच्या आईचे भाऊ. काच कापायला त्यांनीच त्याला शिकवलं आणि दुकानही दोघांचं मिळून. भाच्याचं तोंड बघून ते म्हणाले, "असा चेहरा घेऊन काचेजवळ जाऊ नकोस, तडा जाईल." मग सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "ये की राहायला. फक्त तुझी मामी घोरते, हे आधीच सांगून ठेवतो."

त्या दिवशी एका दुकानाची दर्शनी काच न्यायची होती. मोठी काच दोघांनी उचलायची तर एक नियम असतो. पुढचा बोलतो, मागचा फक्त ऐकतो. "डावीकडे," म्हटलं की डावीकडे. मागे काचवाला होता. मामा "थांब" म्हणाले, तेव्हा त्याच्या डोक्यात ती चावी घुमत होती. तो थांबला नाही. काचेची कड टेबलावर आदळली, काच फुटली आणि एका तुकड्याने मामांचा हात कोपराच्या खाली उभा चिरला.

काचवाल्याने नंबर लावला तेव्हा त्याची बोटं धड चालत नव्हती.

"रुग्णवाहिका सेवा. गाडी कुठे हवी आहे?"

आवाज बायकोचा होता. "अगं, मी," तो म्हणाला. "मामा. रक्त."

पलीकडे श्वास अडकल्यासारखा झाला. मग तोच सपाट आवाज आला. "दुकानातच आहात?"

"हो."

"गाडी पाठवली. फोन स्पीकरवर टाक आणि बाजूला ठेव. कुठे लागलंय?"

"हाताला. माझ्यामुळे लागलं गं."

"आत काच रुतलीय का?"

"नाही."

"मग मामांना झोपव. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेव आणि जोरात दाब. हात वर धर."

"कापड भिजलं."

"काढू नकोस. त्यावरच दुसरं ठेव. दाबत राहा. मी इथेच आहे."

मामांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. "सूनबाई," ते फोनच्या दिशेने म्हणाले, "हा रक्त थांबवतोय की सूड उगवतोय, विचार जरा."

"मामा, बोलत राहा," ती म्हणाली.

कधीतरी काचवाल्याच्या लक्षात आलं, की आपले हात थरथरायचे थांबलेत. ती सांगत होती आणि तो करत होता. त्या आवाजात घाई नव्हती, ठपका नव्हता. सकाळी ज्याला भिंत म्हणालो त्यालाच आपण टेकलोय, हे त्याला समजत होतं. गाडी येईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

मामा वाचले. इस्पितळात टाके पडले, मामी आल्या, आणि मामींनी भाच्याला बाहेर काढलं. "इथे रडत बसू नकोस. जिने वाचवलं तिच्याकडे जा."

तिच्या ऑफिसच्या दारात तिच्याबरोबर काम करणारी एक वयस्क बाई भेटली. सगळे तिला थोरली म्हणायचे.

"तुम्हीच का काचवाले?" थोरली म्हणाली. "घरच्यांचा फोन आला तर तो शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला द्यायचा, असा आमचा नियम आहे. मी हात पुढे केला, तर तिने तो ढकलून दिला."

"आवाजावरून काही वाटलं नाही."

"वाटणारच नाही. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, हिचा आवाज जितका सपाट, तितकी ही आतून हादरलेली. घाबरली की अंग आपोआप तसं करतं. फोनवर ते कामाला येतं. पण अंगाला कुठे कळतंय, समोर फोन आहे की नवरा?"

बायको मागच्या जिन्यात बसली होती. हातातल्या पेल्यातलं पाणी निम्मं अंगावर सांडलं होतं.

"मामा?" तिने विचारलं.

"मामींशी वाद घालतायत. म्हणजे बरे आहेत."

तो तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "सकाळी मी जातो म्हणालो, तेव्हा?"

"पाय गेले होते माझे. ओटा धरून उभी होते. तू गेलास आणि तिथेच खाली बसले."

"मग म्हणायचं ना, जाऊ नकोस."

"तोंडातून येतच नाही रे. आत नुसता आकांत चाललेला असतो. बाहेर येतं ते 'चावी बरोबर ठेव.'"

काचवाल्याला एकेक भांडण आठवलं. प्रत्येक भांडणात एक घाबरलेली बाई त्याला बस म्हणत होती, पाणी देऊ का विचारत होती, आणि तो तिच्यावरच ओरडत होता. त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी त्याच्या छातीत भरून आलं होतं. मामा जिवंत होते. आणि इतकी वर्षं त्याला जे मिळत नाही असं वाटत होतं, ते रोज मिळत होतं.

"माझं तुझ्या उलट आहे," तो म्हणाला. "मी घाबरलो की ओरडतो. दुकान बंद पडेल अशी भीती वाटते गं मला. तू आहेस म्हणून उभा आहे. हे कधी बोललो नाही." त्याने तिच्या हातातला पेला काढून खाली ठेवला. "मी कुठेही जात नाही."

आणि मग तिचा आवाज फुटला, वर चढला, चिरकला.

"पुन्हा जातो म्हणालास तर याद राख," ती ओरडली. "मी काय करायचं मग? एकटीने कुठे जायचं मी? कळतं का तुला काही?"

आवाज सगळ्या जिन्यात घुमला. वरचं दार उघडून थोरलीने डोकावलं. बायको रडत होती, त्याच्या खांद्यावर बुक्के मारत होती, आणि काचवाला डोळे पुसत ऐकत होता.

"अजून," तो म्हणाला. "थांबू नकोस. अजून ओरड."